जननेंद्रियांच्या हर्पिससाठी लिहून मिळालेलं जेल: चार खेपा वापरल्यानंतर

लघवीला जायची भीती वाटणं म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहिते आहे. फोड आले त्या पहिल्या खेपेला मी पाणी प्यायचंच सोडलं होतं. कमी प्यायलं की कमी जावं लागेल, असा हिशोब. झालं उलटंच. लघवी गडद, दाट झाली आणि उघड्या फोडांवरून गेली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. रात्री तीनला मी बाथरूमच्या दाराला धरून उभी असायची, आत जायचा धीर होत नसायचा. अंगात ताप, जांघेत दोन्ही बाजूंना अवधाण आलेलं, चालताना पाय फाकवून चालावं लागायचं.

त्याआधीचे चार दिवस वाया गेले होते. पहिल्या डॉक्टरांनी नीट न बघताच बुरशीचा संसर्ग ठरवला आणि एक मलम दिलं. त्यात स्टेरॉइड होतं हे मला ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचल्यावर कळलं, तेही नंतर. विषाणूच्या फोडांवर नुसतं स्टेरॉइड चोळलं की त्या जागेची लढायची ताकदच कमी होते. माझे तीन फोड होते त्यांचे अकरा झाले. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी दिव्याखाली तपासलं, एका ताज्या फोडाच्या तळातून काडीवर नमुना घेतला आणि पीसीआरला, म्हणजे नेमका विषाणू ओळखणाऱ्या चाचणीला, पाठवला. निकाल आला: हर्पिस सिम्प्लेक्स, प्रकार २.

मी विचारलं, "म्हणजे नागीण का?"

"नाही हो. नागीण वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूची. घराणं एकच, पण विषाणू वेगळा. तुमचा हा परत परत येणारा आहे, पण पहिल्या वेळेइतका त्रास सहसा पुन्हा होत नाही."

ते शेवटचं वाक्य मी त्या दिवसांत मनात किती वेळा घोळवलं असेल! ते खरं निघालं, म्हणून इथे आवर्जून लिहिते.

त्यांनी दोन गोष्टी दिल्या. पोटात घ्यायला व्हॅलासायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाच्या गोळ्या, १ ग्रॅम, दिवसातून दोनदा, दहा दिवस. आणि लावायला एक जेल, जे फार्मसीत चिठ्ठीवरून बनवून मिळालं. पांढरी साधी ट्यूब, वर छापील चिकटपट्टी: अ‍ॅसायक्लोव्हिर ५ टक्के, लिडोकेन २ टक्के, फक्त बाहेरून लावण्यासाठी. अ‍ॅसायक्लोव्हिर विषाणूसाठी, लिडोकेन जागा बधिर करण्यासाठी. गेल्या दीड वर्षात चार खेपा झाल्या आणि चारही वेळा मी हे जेल वापरलं. तारखा, दिवस, सगळं वहीत लिहून ठेवलेलं आहे. त्यावरून सांगते.

आधी बधिर करणाऱ्या भागाबद्दल, कारण माझ्यासाठी या ट्यूबची खरी किंमत तीच आहे.

जेल पारदर्शक आहे, किंचित दुधी छटा, वास जवळजवळ नाही. बोटावर घेतलं की थंड लागतं. उघड्या फोडावर टेकवलं की पहिल्यांदा झोंबतं, आणि चांगलंच झोंबतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा लावलं तेव्हा मी घाबरून धुवायला धावले, आणि धुतल्यामुळे आणखी आग झाली. दुसऱ्यांदा दात आवळून बसले आणि मोबाईलवर सेकंद मोजले. वीस-पंचवीस सेकंदांत ती चुरचुर उतरायला लागते. मग कडेकडेने बधिरपणा येतो, आधी फोडाभोवतीची कातडी, मग खुद्द फोड. तीन-चार मिनिटांत ठणका एवढा खाली येतो की श्वास मोकळा होतो. स्पर्श कळतो, पण त्यातला चटका निघून गेलेला असतो. हा आराम माझ्या बाबतीत पाऊण तास टिकतो, कधी थोडा जास्त.

मग मी बसवलेली पद्धत अशी. लघवीची भावना झाली की लगेच जायचं नाही. आधी जेल, मग पाच मिनिटं थांबायचं, मग जायचं, आणि लघवी करताना दुसऱ्या हाताने मगातून कोमट पाणी त्याच जागेवर सोडत राहायचं. पाण्यामुळे लघवी पातळ होते, जेलमुळे जागा बधिर असते. या दोन्हींनी मिळून मला पुन्हा पाणी प्यायला लावलं. व्हॅलासायक्लोव्हिर चालू असताना भरपूर पाणी प्यावंच लागतं, मूत्रपिंडासाठी, त्यामुळे हे दुहेरी महत्त्वाचं. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. लघवी तुंबली, म्हणजे भावना असूनही तासन्‌तास होतच नसेल, तर जेल लावत घरी बसायचं नाही. हर्पिसमध्ये तिथल्या नसांवर परिणाम होऊन तसं होऊ शकतं आणि तेव्हा दवाखाना गाठावाच लागतो.

झोपेच्या आधी एकदा लावलं की डोळा लागतो. आग नसली की माणूस पंधरा मिनिटांत झोपतो, आणि मग जेलचा अंमल उतरला तरी झोप मोडत नाही. पहिल्या खेपेला सलग पाच तास झोपले ती रात्र मला अजून आठवते.

आता लावायचं कसं, यावर दोन ओळी, कारण इथे चुका होतात. ट्यूबचं तोंड फोडाला लावायचं नाही, नाहीतर ट्यूबच दूषित होते. स्वच्छ कापसाच्या काडीवर छोट्या टिकलीएवढा थेंब घ्यायचा, एका फोडाला एक थेंब, चोळायचं नाही, नुसतं टेकवायचं. मी आधी बोटाने लावायची. डॉक्टरबाई म्हणाल्या, बोटाला कुठे बारीक चीर असेल तर तिथेही हर्पिस होऊ शकतो, नखाच्या बाजूला फार दुखरा होतो, आणि तेच बोट डोळ्याला लागलं तर बुबुळापर्यंत प्रकरण जातं. मी कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. तेव्हापासून काडी किंवा हातमोजा, आणि नंतर साबणाने हात. आतल्या नाजूक भागात हे जेल घालायचं नाही, तिथून लिडोकेन रक्तात जास्त आणि लवकर शिरतं.

लिडोकेन साधं वाटतं, पण ते साधं नाही. १९४३मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेलं हे औषध आज दाताच्या इंजेक्शनपासून सगळीकडे आहे, म्हणून आपल्याला त्याची भीती वाटत नाही. नसेतून दुखण्याचा निरोप पुढे जायला सोडियमची जी दारं उघडावी लागतात, ती हे बंद ठेवतं. तेच जास्त प्रमाणात रक्तात गेलं तर मेंदूची आणि हृदयाची दारंही बंद करू शकतं. ओठांभोवती मुंग्या येणं, कानात आवाज, चक्कर, ही पहिली लक्षणं. दुसऱ्या खेपेला दुखणं असह्य म्हणून मी एका दिवसात आठ-नऊ वेळा लावलं आणि संध्याकाळी डोकं हलकं हलकं वाटायला लागलं. ते जेलमुळेच होतं की उपासमार आणि जागरणामुळे, कोण जाणे, पण फोन केला तेव्हा डॉक्टरबाईंनी चांगलंच खडसावलं. "दिवसातून पाच म्हणजे पाच. आग थांबली नाही तर मला विचारा, ट्यूबला विचारू नका." त्यानंतर मी पाच चौकटी आखून ठेवते आणि प्रत्येक वेळी एक फुली मारते.

आता अ‍ॅसायक्लोव्हिरच्या भागाकडे. इथे मला बऱ्याच जणींची निराशा करावी लागणार.

औषध म्हणून अ‍ॅसायक्लोव्हिर अप्रतिम आहे, यात वाद नाही. विषाणू ज्या पेशीत शिरलाय तिथेच ते जागं होतं. विषाणूचं स्वतःचं एक विकर (एन्झाइम), थायमिडीन कायनेझ, या औषधाला पहिला फॉस्फेट जोडतं, पुढचे दोन आपली पेशी जोडते, आणि मग तयार झालेला तो तुकडा विषाणूच्या डीएनएच्या साखळीत जाऊन बसतो. साखळीची वाढ तिथेच खुंटते. निरोगी पेशीत ते विकर नसल्याने तिथे औषध जवळजवळ गप्प राहतं. ज्या प्रयोगशाळेत हे औषध घडलं तिथल्या शास्त्रज्ञ गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं. पूर्वी विषाणूवरचं औषध म्हणजे रोग्यालाही मारणारं, अशीच समजूत होती. मला हे वाचून खरंच भरून आलं होतं. आपल्या या लाजेने लपवलेल्या दुखण्यामागे कुणीतरी आयुष्य घातलंय, असं वाटलं.

पण ते औषध कातडीवर लावणं आणि गोळीतून पोटात घेणं (व्हॅलासायक्लोव्हिरचंही शरीरात तेच बनतं) यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कातडीचा वरचा थर औषधाला सहज आत जाऊ देत नाही, आणि विषाणू खालच्या थरांत वाढत असतो. त्याचं मूळ घर तर कातडीत नाहीच, ते पाठीच्या कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या वरच्या नसांच्या गाठींत आहे. तिथून तो नसेच्या वाटेने खाली उतरतो. वर कितीही जेल लावलं तरी ते तिथवर पोचत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या उपचार-सूचनांतही हेच आहे की जननेंद्रियांच्या हर्पिसला विषाणूविरोधी मलमाचा फायदा अगदी थोडा, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये, गोळ्याच द्याव्यात.

माझी वहीही तेच सांगते. दुसरी खेप आली तेव्हा मी गोळ्या घेतल्याच नाहीत. जेल आहे की, असं वाटलं. आठ-नऊ वेळांचा तो एक दिवस सोडला तर प्रामाणिकपणे पाच वेळा लावलं, पाच दिवस. खपली धरायलाच सहा दिवस गेले, पूर्ण बरं व्हायला नऊ. तिसऱ्या खेपेला फोडांआधीच्या झिणझिण्या सुरू झाल्या तेव्हा मी बसमध्ये होते. गोळ्या पर्समध्येच होत्या. अर्ध्या तासात ५०० मिलिग्रॅमची पहिली घेतली, मग दिवसाला दोन अशा तीन दिवस, सोबत जेल. दोनच फोड आले, पाचव्या दिवशी खपली पडायला लागली. चौथी खेपही जवळपास तशीच. एका बाईच्या वहीवरून सिद्ध काही होत नाही, खेपा तशाही हळूहळू सौम्य होत जातात. पण मला स्वतःपुरतं कळायचं ते कळलं.

ओठांवर येणाऱ्या फोडांचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे अ‍ॅसायक्लोव्हिरचं किंवा पेन्सिक्लोव्हिरचं मलम अगदी सुरुवातीला लावलं तर अर्धा-एक दिवस वाचतो. माझ्या धाकट्या बहिणीला उन्हात फिरली की ओठाच्या कोपऱ्यात येतात. एकदा तिने फोन केला, "ताई, तुझी ती ट्यूब पाठव ना, दुखतंय फार." मी नाही म्हटलं आणि तिला राग आला. पण माझ्या ट्यूबमधलं लिडोकेन ओठावरून जिभेवर गेलं असतं, तोंड बधिर असताना खाल्लं की जीभ-गाल चावला जातो, गरम काय ते कळत नाही. शिवाय माझी ट्यूब माझ्या फोडांसाठी वापरलेली. तिला तिच्या डॉक्टरांनी १ टक्का पेन्सिक्लोव्हिर दिलं, जागेपणी दर दोन तासांनी, चार दिवस. ते तिला मानवलं. कुणाची ट्यूब कुणाला देऊ नका, बहिणीलाही.

आता तक्रार, आणि ती जेलच्या रचनेबद्दलच आहे. दोन्ही औषधं एकाच ट्यूबमध्ये असणं सोयीचं वाटतं, पण वापरताना ती एकमेकांच्या पायात येतात. विषाणूवरचं औषध ठरलेल्या वेळांना लावायचं असतं, दुखो न दुखो. बधिर करणारं मात्र दुखेल तेव्हाच हवं असतं, आणि जितकं कमी तितकं बरं. रात्री दोन वाजता आग झाली आणि पाच चौकटी भरलेल्या असल्या तर काय करायचं? उलट शेवटच्या दोन दिवसांत, खपली धरलेली असताना, मला बधिरपणाची गरजच नसायची, तरी तो प्रत्येक वेळी सोबत यायचा.

दुसरं म्हणजे झिणझिण्या. माझं सगळं वेळापत्रक त्यांच्यावर आहे. पाळीच्या दोन दिवस आधी किंवा सलग जागरणं झाली की डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला बारीक करंट लागल्यासारखं होतं, कधी मागे कुल्ल्यापर्यंत कळ जाते. तीच माझी सूचना. चौथ्या खेपेला मी घाईने आधी जेल लावलं आणि ती सूचनाच बंद झाली. खरंच खेप येतेय की भास होता, हे कळेना. गोळी घ्यावी की नको यात सात तास गेले. आता मी तिथे आधी काहीही लावत नाही. आधी गोळी, जेल मागाहून.

आणि सगळ्यात मोठी चूक मी केली ती बधिरपणावर विश्वास ठेवण्याची. दुसऱ्याच खेपेला चौथ्या दिवशी एका लग्नाला जायचं होतं. जेल लावलं, दुखेना, म्हणून घट्ट जीन्स घालून गेले. दिवसभर चालले, बसले, उठले, मध्ये एकदा पुन्हा लावलं. रात्री कपडे काढले तर आतल्या कापडाला फोडाची साल चिकटून निघालेली, खाली लालभडक ओली जखम, कडेला रक्ताची बारीक रेघ. मला दिवसभर काहीच कळलं नव्हतं. दुखणं हे त्या जागेचं "हलवू नका" म्हणणं असतं, ते मी बंद करून टाकलं होतं. ती नऊ दिवसांची खेप, त्यातले दोन दिवस तरी त्या जीन्सचे. आता जेल लावलं की सैल सुती कपडे आणि शक्यतो बसून राहणं.

असाच गोंधळ नवऱ्याचाही झाला, आणि तो त्याने सरळ विचारला म्हणून बरं. "अगं, आता दुखत नाही म्हणालीस ना? मग?" मी त्याला बसवून सांगितलं. बधिर झालेला फोड तितकाच लागट असतो. फोड दिसतोय, झिणझिण्या आहेत, तोवर काहीही नाही, निरोध असला तरी नाही. फोड नसतानाही विषाणू अधूनमधून कातडीवर येत असतो, म्हणून इतर वेळी निरोध. त्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही. रोज एक ५०० मिलिग्रॅमची व्हॅलासायक्लोव्हिर घेतली तर जोडीदाराला लागण व्हायचा धोका जवळजवळ निम्मा होतो, असं अभ्यासात दिसलेलं आहे. डॉक्टरबाईंनी तो पर्याय आम्हा दोघांसमोर ठेवला, आमचं बोलणं चालू आहे. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगून ठेवायचं, कारण बाळंतपणाच्या वेळी फोड असले तर बाळाला धोका असतो. आम्ही सांगितलंय.

मला हे कुठून लागलं याचा शोध मी सोडून दिला. लागण झाल्यावर वर्षानुवर्षं काही न दिसता एक दिवस फोड येऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १५ ते ४९ वयाच्या ५२ कोटी लोकांना हा प्रकार २ आहे, आणि ५० वर्षांखालच्या ३८० कोटी लोकांना प्रकार १. ज्या रात्री मी स्वतःला घाण समजत होते त्या रात्री हा आकडा कुणी मला सांगायला हवा होता.

ट्यूबबद्दल किरकोळ. बनवून दिलेलं असल्याने मुदत जेमतेम महिन्याची असते. माझ्या खेपा चार-पाच महिन्यांनी येतात, म्हणजे दर वेळी नवीन बनवून घ्यावी लागते आणि त्यात एक दिवस जातो, नेमका तो दिवस जेव्हा तिची सर्वांत जास्त गरज असते. चिकटपट्टीवरची शाई ओल्या हाताने फिसकटते, मी तारीख पेनने झाकणावर लिहून ठेवायची. उघड्या जखमेखेरीज कातडीवर कोरडेपणा आला, तो खपल्यांबरोबर गेला. लिडोकेनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी, हृदयाच्या ठोक्यांसाठी किंवा यकृतासाठी औषध चालू असलेल्यांनी आधी विचारल्याशिवाय हात लावू नये.

मागच्या आठवड्यात मी डॉक्टरबाईंकडे वही घेऊन गेले आणि चारही खेपांची पानं दाखवली. त्यांनी शांतपणे वाचली, मधल्या फुल्या मोजल्या. म्हणाल्या, "मग तुम्हाला जेलमधलं अ‍ॅसायक्लोव्हिर नकोच आहे." नवी चिठ्ठी दिली: गोळ्या जशा होत्या तशाच, आणि नुसतं २ टक्के लिडोकेनचं तयार जेल, लागेल तेव्हा, पण दिवसातून चारच्या वर नाही. याची मुदत दोन वर्षांची आहे. गोळ्यांचं पाकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलंय, जेल बाथरूमच्या कपाटात, कापसाच्या काड्यांच्या डबीशेजारी. पाळीला अजून सहा दिवस आहेत.